साडेचार हजारांची मच्छर टेस्ट आणि साडेआठशेची मच्छरदाणी

आधीच सांगते, लांबणार आहे हे, कारण राग अजून गेलेला नाही. लॅबचं नाव देत नाहीये, इनबॉक्समध्ये विचारू पण नका, कारण नाव घेतलं की सगळे त्या लॅबच्या मागे लागतात आणि मूळ गोष्ट राहून जाते. मच्छराची अॅलर्जी आहे का ते रक्तातून बघायची ही टेस्ट तशीच्या तशी कुठेही मिळते, ग्वाल्हेरात पण आणि तुमच्या गावात पण.

तर झालं असं. आमचं घर ग्वाल्हेरच्या लश्कर भागात, जुना वाडा, स्वर्णरेखेपासून फार लांब नाही. नाव स्वर्णरेखा, आहे नाला, ग्वाल्हेरवाल्यांना वेगळं सांगायला नको. डास म्हणायची आमच्याकडे कोणाला सवय नाही, मच्छरच म्हणतो, पुण्याच्या वहिनी हसतात, हसू दे. गणपतीचा दुसरा दिवस, लेक (वय पाच) दुपारी कूलरसमोर झोपली. उठली तेव्हा डाव्या पापणीवर फक्त एक लाल टिपका. मी म्हटलं चावला असेल काहीतरी. संध्याकाळच्या आरतीपर्यंत डोळा बंद! म्हणजे अक्षरशः पापणी पुरीसारखी फुगलेली. आरतीला आलेल्या निम्म्या बायका म्हणाल्या दृष्ट लागली, सासूबाईंनी मीठ-मोहऱ्या ओवाळल्या, चुना लावायला निघाल्या होत्या तो मी हातातून काढून घेतला, डोळ्याजवळ चुना म्हणजे काय. रात्री ताप १०१.

दुसऱ्या दिवशी जवळच्या क्लिनिकमध्ये गेलो (त्याचंही नाव नको), लांबूनच बघून "इन्फेक्शन आहे" आणि पाच दिवसांचं अँटिबायोटिक. तिसऱ्या दिवशी उतरलं, आम्हाला वाटलं औषधानेच उतरलं. पंधरा दिवसांनी परत तेच, ह्या वेळी पाय. घोट्यापासून अर्ध्या नडगीपर्यंत लालभडक, गरम आणि कडक, बोट दाबलं तर रडायची. तेव्हा शाळेच्या ग्रुपवर एकीने लिहिलं, "अगं अॅलर्जी पॅनल करून घे, त्यात मच्छर पण असतो, घरी येऊन रक्त नेतात." केलं बुक. साडेचार हजार, आणि वर "आज बुक केलं तर डाएट कन्सल्टेशन फ्री".

सर्विसबद्दल आधी, कारण रिव्ह्यू म्हणून लिहितेय. मुलगा आठला येणार होता, पावणेदहाला आला, लेक उपाशी ठेवलेली, ते उपाशी ठेवायची गरजच नव्हती हे नंतर कळलं. पण हात मात्र त्याचा चांगला होता. तिला म्हणाला, "बेटा, तू एक से दस गिन, मैं पाँच पे निकाल लूँगा," आणि खरंच पाचावर सुई बाहेर. त्याला टीप दिली मी. रिपोर्ट तीन दिवसांत म्हणाले, सहा लागले, व्हॉट्सअॅपवर पीडीएफ आली, सतरा पानं, पहिल्या चार पानांवर त्यांच्याच जाहिराती.

आतमध्ये साठ वस्तू. मांजर, झुरळ, कोळंबी, तीळ, लॅटेक्स, गव्हाचं पीठ. मॉस्किटो समोर लिहिलेलं ०.१२, क्लास शून्य, म्हणजे निगेटिव्ह. आणि शेंगदाणा "माइल्ड पॉझिटिव्ह"! तासाभरात त्यांचा फोन, मॅडम शेंगदाणा आणि गहू बंद करा, तीन महिन्यांचं पॅकेज घ्या. मी फोन स्पीकरवर ठेवलेला, सासूबाई पलीकडून म्हणाल्या, "मग परवाच्या चतुर्थीला दाण्याचं कूट घातलेली दोन वाट्या खिचडी खाल्ली ती कोणी, मी?" कॉलवाली गप्प.

मच्छराने डोळा बंद होतो तर मच्छर निगेटिव्ह, आणि जे पोरगी रोज खाते ते पॉझिटिव्ह. मग मी तो रिपोर्ट घेऊन आमच्या गल्लीतल्या डॉक्टरकाकांकडे गेले. चामडीचे डॉक्टर, आता रिटायर, फी घेत नाहीत पण ऐकून घ्यावं लागतं, एक तास धरून चला. खरं सांगू का, तो एक तास ह्या सगळ्या प्रकरणातली सगळ्यात उपयोगी गोष्ट निघाली म्हणून सविस्तर लिहितेय.

काकांनी आधी रिपोर्ट बाजूला ठेवला आणि विचारलं, "चावल्यापासून किती तासांत सुजलं?" मी म्हटलं चार-पाच तासांत. म्हणाले, झालं, उत्तर इथेच आहे. जिवाणूंचं इन्फेक्शन, ते सेल्युलायटिस म्हणतात ते, असं चार तासांत एवढं फुगत नाही, त्याला सहसा दिवस-दोन दिवस लागतात. तासाभरात सुरू होऊन संध्याकाळपर्यंत टम्म, वर ताप, लहान मूल, हे मच्छराच्या लाळेचं काम. ह्याला नाव पण आहे, स्कीटर सिंड्रोम. मला वाटलं कोणा स्कीटर नावाच्या डॉक्टरने शोधलं असेल, तर नाही, अमेरिकेत बोलीत मच्छराला स्कीटर म्हणतात, एवढंच. १९९९ मध्ये कॅनडातल्या विनिपेगच्या सिमन्स आणि पेंग ह्यांनी असल्या मुलांबद्दल लिहिलं, तिथून ते नाव चाललं. म्हणजे आमचं पहिलं अँटिबायोटिक बहुधा फुकटच गेलं, सूज आपोआपच उतरणार होती.

मग मी ते विचारलं ज्यासाठी गेले होते. टेस्ट निगेटिव्ह कशी?

काका हसले. म्हणाले, "ह्या टेस्टमध्ये मच्छर कसा घालतात माहितीय? आख्खा. पंख, पाय, पोट, सगळं वाटून. तू सांग, चावताना तो तुझ्या अंगात पंख घालतो का?" अंगात जाते ती फक्त लाळ. मादीची, कारण नर चावतच नाही, फुलांचा रस पिऊन राहतो, अंडी घालायला रक्त मादीलाच लागतं. आणि आख्ख्या मच्छराच्या त्या चटणीत लाळेची प्रोटीनं असून असून किती असणार, चिमूटभर. त्यामुळे खरी अॅलर्जी असलेला माणूसही निगेटिव्ह येऊ शकतो. उलटंही होतं, मच्छराच्या स्नायूंमध्ये ट्रोपोमायोसिन नावाचं एक प्रोटीन असतं, तसंच कोळंबीत, झुरळात, धुळीतल्या बारीक किड्यांमध्ये पण असतं, तर कोळंबीची अॅलर्जी असलेला माणूस मच्छराला पॉझिटिव्ह दिसू शकतो, भले त्याला चावल्यावर काही होत नसेल. हे ऐकून माझे साडेचार हजार डोळ्यासमोरून गेले.

पुढे अजून गंमत. जगभर चालणाऱ्या एका मोठ्या कंपनीच्या टेस्टमध्ये मच्छर वापरतात तो एडिस कम्युनिस, म्हणजे उत्तरेकडच्या थंड जंगलातला, बर्फ वितळून साचलेल्या डबक्यांत वाढणारा. आणि आपल्याकडे चावतो कोण, कूलरमधला एडिस इजिप्टाय नाहीतर नाल्यातला क्युलेक्स. काही प्रोटीनं सगळ्या जातींत सारखी असतात, काही ज्याची त्याची वेगळी. मे महिन्यात पंचेचाळीसच्या वर जाणाऱ्या ग्वाल्हेरात बर्फातल्या मच्छराची टेस्ट! आमच्या लॅबने कुठला वापरला ते मी फोन करून विचारलं, तर उत्तर आलं, "मॅडम, मॉस्किटो लिहिलंय ना."

आता लाळेत एवढं काय असतं ते. मच्छराची सोंड म्हणजे एक सुई असं मला वाटायचं, तर आत सहा बारीक सुया असतात, एकीतून रक्त वर जातं आणि एकीतून लाळ आत येते. आपलं रक्त बाहेर आलं की गोठायला लागतं, ते मच्छराला परवडत नाही, म्हणून लाळेत एपायरेझ नावाचं प्रोटीन असतं, ते प्लेटलेट्सना एकत्र येऊ देत नाही. हेच अॅलर्जीच्या यादीत एड ए १ नावाने आहे. एडिसमधलं एड, इजिप्टायमधला ए, आणि नंबर. शाळेच्या हजेरीपटासारखं वाटलं मला. एड ए ४ जे आहे ते साखर पचवायचं, म्हणजे त्याचा रक्ताशी संबंधच नाही, फुलांच्या रसासाठी असतं, पण चावताना तेही येतं आणि आपलं शरीर त्यावरही चिडतं.

आणि एड ए २, हे मला फारच भारी वाटलं. हे डी-७ जातीचं प्रोटीन. आपल्या चामडीला टोचलं की आपल्या पेशी हिस्टामिन वगैरे सोडतात, त्यानेच खाज आणि लाली येते. डी-७ गटातली प्रोटीनं असली रसायनं पकडून ठेवतात, म्हणजे चावणाऱ्याचं पिऊन होईपर्यंत आपल्याला पत्ता लागू नये. चोराने घरात शिरताना कुत्र्यापुढे भाकरी टाकावी तसं. फक्त आमच्या लेकीच्या शरीराने त्या भाकरीचाच वास लक्षात ठेवलाय! पुढच्या वेळी तो वास आला की मोठ्याने भुंकतं, आणि ते भुंकणं म्हणजे ती बंद पापणी.

बरं, घरात सगळ्यांना चावतात मग हिलाच का? ह्यावर काकांनी आमच्या घराचाच तक्ता मांडला. इंग्लंडमध्ये केनेथ मेलनबी म्हणून होते, १९४६ मध्ये त्यांनी माणसांवर बघून पायऱ्या लिहिल्या. पहिल्यांदा चावलं तर काहीच होत नाही, कारण शरीराला ती लाळ ओळखीचीच नसते. मग काही चाव्यांनंतर लगेच काही नाही पण दुसऱ्या दिवशी फोड. मग लगेच गांधी (खाजणारा फुगवटा) पण आणि दुसऱ्या दिवशी गाठ पण. मग वर्षानुवर्षं चावून चावून फक्त लगेचची गांधी. आणि शेवटी परत काहीच नाही. आता बघा. जावेचं बाळ चार महिन्यांचं होतं तेव्हा आम्ही म्हणायचो ह्याला मच्छर चावतच नाहीत, चावत होते, खूण उठत नव्हती. आता ते आठ महिन्यांचं आहे, रात्री काही नाही, सकाळी अंगावर लाल फोड. लेक मधल्या पायरीवर, जिथे दोन्ही होतं. मी, वीस मिनिटांत गांधी, खाजवलं की तासाभरात गायब. आणि सासूबाई, सत्तर वर्षं ह्याच वाड्यात, त्यांच्या हातावर बसून पिऊन जातो मच्छर, टिपका पण उठत नाही. ओट्यावर बसून ऐकत होत्या, म्हणाल्या, "आम्हाला आता मच्छर पण घरचेच."

म्हणजे लेकीचं पण बहुधा कमी होईल, पण किती वर्षांत ते काकांनी सांगितलं नाही, आणि मुद्दाम चावून घेऊन लवकर सवय लावायची असला शहाणपणा करू नका म्हणाले (नवऱ्याने हे विचारलं होतं, मी नाही). लाळेची प्रोटीनं लॅबमध्ये वेगळी तयार करून त्याने टेस्ट करणं जमतं, विनिपेगवाल्यांनी ते केलेलं आहे, पण ते आपल्याला गल्लीतल्या लॅबमध्ये मिळत नाही. खरी लाळ गोळा करायची तर सूक्ष्मदर्शकाखाली एकेका मच्छराच्या लाळग्रंथी काढत बसायचं, कोण करणार साडेचार हजारांत.

काकांनी एक साधी गोष्ट शिकवली ती मात्र सगळ्यांनी करा. सूज दिसली की बॉलपेनने तिच्या कडेने रेघ मारा, शेजारी वेळ लिहा, फोटो काढा. तासातासाला बघा. लवकर वाढून दोन दिवसांत उतरायला लागलं तर एक गोष्ट, आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी रेघेबाहेर जायला लागलं, पू आला, दुखणं खाजेपेक्षा जास्त झालं तर दुसरी गोष्ट, मग डॉक्टर गाठा. आमच्या लेकीच्या पायावर आता निळ्या रेघा असतात, शाळेत मॅडमने विचारलं टॅटू का. खाजेचं सिरप आणि लावायचं मलम काकांनी लिहून दिलं, ते मी इथे लिहिणार नाही, वजनावर असतं, आपापल्या डॉक्टरला विचारा. श्वास लागला, ओठ-जीभ सुजली, अंगभर पित्त उठलं तर मात्र रेघा मारत बसायचं नाही, सरळ हॉस्पिटल. मच्छराने असं क्वचितच होतं पण होतं. आणि गूगल करू नका! मी केलं, पूर्वेकडच्या देशांतला एका विषाणूशी जोडलेला दुर्मीळ आजार वाचला आणि रात्रभर जागी.

मधे एक ऑनलाइन पेन पण घेतलं होतं, चाव्यावर टेकवलं की एक्कावन्न डिग्रीपर्यंत गरम होतं, तीन सेकंद धरायचं. माझ्या गांधीची खाज खरंच जाते त्याने. लेक हात लावू देत नाही. दुसऱ्या दिवशीच्या सुजेवर काडीचा फरक नाही. मला ठेवून घेतलंय.

तर आता मुद्द्याचं. काका म्हणाले, "दुपारी चावला ना? दुपारी चावणारा बहुतेक कूलरचा. टेस्ट कसली करतेस, कूलर बघ." बघितला. टाकीत तळाशी वळवळणाऱ्या अळ्या, पाऊस सुरू झाल्यापासून कूलर नुसता पंखा म्हणून चालत होता आणि पाणी कोणी काढलंच नव्हतं. अंड्यापासून उडणारा मच्छर व्हायला आठ-दहा दिवस पुरतात, म्हणून आठवड्याला एकदा टाकी रिकामी करून घासायची, नुसतं पाणी ओतून चालत नाही कारण अंडी कडेला चिकटून राहतात. ते काम नवऱ्याकडे, रविवारी.

क्रीम पण लावतो संध्याकाळी पार्कात जाताना. एक अभिमानाची गोष्ट सांगू, डेपा म्हणून मच्छर पळवणारं जे रसायन आहे ते आपल्या ग्वाल्हेरच्या डीआरडीईने, म्हणजे संरक्षण खात्याच्या प्रयोगशाळेने तयार केलंय, फौजेसाठी, बाहेरच्या डीटला आपला पर्याय म्हणून. इतकी वर्षं त्या गेटवरून जाते-येते, मला वाटायचं आत फक्त बॉम्ब वगैरेचं असेल.

आणि मच्छरदाणी. आधी ऑनलाइनवाली उघडबंद होणारी तंबूसारखी घेतली होती, पंधरा दिवसांत चेन गेली, ते सोडा. महाराज बाड्यावरून (लश्करातला मोठा चौक) नया बाजारकडे जाताना आतल्या एका गल्लीत एक म्हातारे चाचा बसतात, गादी-रजईचं काम करतात, पाटी नाही, दुकानाबाहेर जाळीचे थान (तागे) उभे दिसतात तेच. मी फूटपट्टी घेऊनच गेले होते कारण काका म्हणाले होते एका चौरस इंचात निदान १५६ भोकं पाहिजेत. चाचांसमोर जाळी पसरून मोजायला बसले, एका बाजूने तेरा, दुसऱ्या बाजूने बारा, बरोब्बर १५६. चाचा बघत राहिले, मग म्हणाले, "बहनजी, चालीस साल में किसी ने छेद नहीं गिने." पण दुसरा थान मोजला तर दहा बाय दहाच निघाला, तो स्वस्त होता, तो घेऊ नका.

मापाचं पण ऐका. पलंगाचं नुसतं माप देऊ नका, गादीसकट द्या, आणि जाळी सगळ्या बाजूंनी निदान वीतभर मोठी सांगा, कारण झोपेत हात जाळीला टेकला की मच्छर बाहेरून आरामात पितो. चाचांनी स्वतःच खाली फूटभर सुती कापडाची झालर लावून दिली, गादीखाली खोचायला, नुसती जाळी खोचली तर महिन्यात फाटते म्हणाले. वाड्याचं छत उंच, तर नाड्या दुप्पट लांब करून दिल्या, त्याचे वेगळे पैसे नाही घेतले. साडेआठशे रुपये, दोन दिवसांत तयार, शिवण दुहेरी. एक कोपरा जरा तिरका शिवलाय, दिसतो, पण त्यातून मच्छर येत नाही. दुपारच्या झोपेला पण लावतो आता, लेक तिला तिचं घर म्हणते आणि बाहुल्या आत घेऊन बसते.

त्याला सव्वा महिना झाला. मधे दोनदा चावले, दोन्ही वेळा पार्कात, सूज आली पण डोळ्यावर नाही.

टेस्टला पाचातून एक, तो पण त्या रक्त काढणाऱ्या पोराचा. लेकरू चावल्यावर सुजतं एवढ्यासाठी पॅनल करायला निघाला असाल तर करू नका, चावल्याची वेळ आणि फोटो लिहून ठेवा, डॉक्टरला ते जास्त कामाचं. चाचांना पाचातून साडेचार, अर्धा त्या कोपऱ्याचा कापला. ऑनलाइन पैसे घेत नाहीत, रोख न्या, मंगळवारी बंद असतात, आणि दुपारी दोन ते चार जाऊ नका, तेव्हा ते स्वतःच आतल्या खाटेवर जाळी लावून झोपलेले असतात.